अपात्र मिस्त्रीचे तीन वारस

बाबूनं रजिस्टर उघडलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, एका ओळीवर बोट टेकवलं आणि मान वर न करता सांगून टाकलं, "नामंजूर हाये तुमचं. अपात्र."

हे वाक्य ऐकायची प्रभावती मुनेश्वरची ही सातवी खेप. पहिल्या खेपेला ती घाबरली होती, दुसऱ्या खेपेला रडली होती. तिसरीपासून तिनं रडणं बंद करून विचारणं सुरू केलं होतं.

"काय नामंजूर हाये?"

"मदत. लाखाची."

"मदत मागतली कोनं?"

"मागतल्याबिगर नामंजूर होते का, बाई?"

भिंतीवर डोकं आपटावं तर भिंतही सरकारी. प्रभावतीनं पिशवीतून अर्जाची पोच काढून टेबलावर ठेवली. तिची मागणी एका ओळीची होती. नवरा वारला, सातबाऱ्यावरून त्याचं नाव कमी करा आणि वारसांची नावं लावा. पैशाचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. बाबूनं पोच वाचली, पुन्हा रजिस्टर पाहिलं, आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "नाव तेच, गाव तेच, गट नंबर तोच. मंग प्रकरण तेच झालं ना."

प्रभावती पळसडोहची. माहेर ढाणकीचं, शिक्षण सातवी. नवरा भीमराज, जिनिंगच्या रोलरचा मिस्त्री. कापसातून सरकी वेगळी करणारे जे रोलर असतात, ते चामड्याच्या चकत्यांचे बनतात. लोखंडी दांड्यावर चकत्या ओवायच्या, दाबून बसवायच्या, लेथवर तासायच्या आणि वरून तिरप्या खाचा पाडायच्या. खाचा झिजल्या की जिन कापूस ओढत नाही. पुन्हा तासा, पुन्हा पाडा. भीमराज हे काम लोहाऱ्याच्या एका वर्कशॉपात शिकला, तिथूनच जुनी लेथ मशीन मेटॅडोरमध्ये घालून गावी आणली. स्वतःच्या कमाईनं सडकेच्या कडेला दोन एकर जमीन घेतली, तिच्यावर टिनाचं शेड ठोकलं. चकत्या ओवायला प्रभावती पहिल्या दिवसापासून होती. शेवटची चार वर्षं खाचाही तीच पाडत होती. मारेगावचे जिनवाले रोलरवर हात फिरवून म्हणत, "मिस्त्रीचा हात सरळ हाये." भीमराज हसून गप्प राही आणि घरी येऊन बायकोला सांगे, "आज तुह्या हाताची तारीफ झाली, अन चहा मी पिऊन आलो."

ते दिवस कापसाच्या मरणाचे होते. भाव बसला होता, जिनं बंद पडत होती. पण मंदीत नवे रोलर कोण घेतं? जुनेच घासून वापरायचे. त्यामुळे मिस्त्रीचं काम उलट वाढलं. अडचण एकच, लेथ डिझेल इंजनवर चालायची. इंजन हिसके मारतं, हिसक्यानं खाच वाकडी जाते आणि वाकड्या खाचेचा रोलर जिनवाला परत पाठवतो. म्हणून भीमराजनं थ्री फेज विजेसाठी अर्ज केला, वीज कंपनीच्या डिमांडचे पैसे भरले, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खांबही येऊन उभे राहिले. तार ओढायची तेवढी बाकी होती.

आणि सप्टेंबर २००६ मध्ये, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, मारेगावच्या एका जिनात रोलर बसवता बसवता भीमराज खाली बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. डॉक्टरनं तसं लिहूनही दिलं. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती, गावातून नागपूरला ट्रक ठरला होता. त्या ट्रकची वर्गणी गोळा करणारा माणूसच गेला.

तार ओढणारे महिनाभरानं आले आणि कागद पाहून परत गेले. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्यालाच जोडणी. मयताला जोडणी देता येत नाही. वारसाचं नाव लावून आणा, लगेच देतो. नियम बरोबर होता, प्रभावतीनं कुरकुर केली नाही. तिला वाटलं, पंधरा दिवसांचं काम. मिस्त्रीची आई भागरथाबाई, बायको प्रभावती आणि मुलगी आम्रपाली, हे तीन वारस. भावकी नाही, भांडण नाही, दुसरं लग्न नाही. इतकं सरळ घर तालुक्यात शोधून सापडलं नसतं.

त्या पंधरा दिवसांना सहा महिने झाले होते आणि शेडसमोर खांब नुसते कावळ्यांच्या उपयोगाला उभे होते.

तिला अपात्र कळलं होतं, का ते कळत नव्हतं. ते कळायच्या आधी गावात जीप आली. जीपमधून कास्तकारांचे एक पुढारी उतरले, सोबत फोटो काढणारा. प्रभावतीनं सतरंजी टाकली, चहा ठेवला.

"वयनी, अन्याय झाला," पुढारी म्हणाले. "आपल्या मानसाले अपात्र ठरोलं त्यायनं. आपन लढू. फक्त एक सांगा, घरात फवाऱ्याच्या औषधाचा डबा होता ना?"

"होता. सगळ्याइच्याच घरी असते. तुमच्या नाही का?"

"तसं नाही. म्हनजे त्या दिवशी तो उघडा..."

"भाऊ, तो जिनात रोलर बसोतांना गेला. त्याच्या हातात पाना होता, डबा नव्हता."

"ते खरं हाये. पन थोडं समजून घ्या. पात्र झाला तं फाइल उघडते. फाइल उघडली का वारसाचं आपोआप होते. नाव लावनं किरकोळ काम हाये, वयनी."

"किरकोळ हाये तं तेच करून द्या ना अगोदर. मोठं मंग पाहू."

कोपऱ्यात भागरथाबाई पाय पसरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माह्या पोरानं विष घेतलं म्हनून जो लिहीन, त्याच्या दारात मी जाऊन बसीन. जेवाले तिथंच वाढा लागन." पुढाऱ्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. फोटोवाल्यानं जाता जाता खांबांचा एक फोटो तेवढा काढला.

खरी गाठ पडली ती जमीरभाईंशी. तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसणारा हा अर्जनवीस. बाबूनं आठव्या खेपेला नवी टूम काढली होती, "कोर्टातून आना. सक्सेशन नाही तं प्रोबेट." प्रभावती ते दोन शब्द तोंडात धरून, सांडू न देता लिंबापर्यंत आली.

"जमीरभाऊ, प्रोबेट म्हनजे काय असते?"

जमीरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मिस्त्रीनं मृत्युपत्र लिहून ठेवलतं?"

"त्यानं कधी चिठ्ठी लिहिली नाही."

"मंग प्रोबेट मेलं तिथंच. मानूस मृत्युपत्र ठेवून गेला तं ते खरं हाये असं कोर्टानं सांगनं, त्याले प्रोबेट म्हनते. आपल्याकडं ते मृत्युपत्र असलं तरी सक्तीचं नाही. आता सक्सेशन, म्हनजे कोर्टाचा वारस दाखला. बँकेत ठेव हाये? शेअर हाये?"

"लेथ हाये."

"लेथले कोर्ट नाही लागत, ताई, तेल लागते. वारसाइत भांडन हाये?"

"सासू भांडते, पन माह्याशी नाही. सरकारशी."

"मंग कोर्ट कायले? शेतीले फक्त पटवारी. मृत्यूचा दाखला, वंशावळीचं शपथपत्र अन अर्ज. पटवारी वारसाच्या रजिस्टरात घेते, त्याले सहा-क म्हनते. त्यावरून फेरफार पडते. पंधरा दिवसाची नोटीस चावडीवर लागते. कोनी हरकत नाही घेतली तं मंडळ अधिकारी सही करते. झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग सहा महिने मी काय करून राह्यली?"

"ते पाह्यासाठी दुसरा कागद लागन," असं म्हणून जमीरभाईंनी यंत्रात कोरं पान सरकवलं. माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता. कचेरीतल्या लोकांनाच त्याची अजून सवय नव्हती. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज गेला. माझ्या पतीच्या प्रकरणातील सर्व कागदांच्या प्रती द्याव्या.

तिसाव्या दिवशी द्यायच्या त्या एकोणतिसाव्या दिवशी मिळाल्या. लिंबाखाली बसून प्रभावतीनं एकेक पान वाचलं. पहिल्याच पानावर ठळक छापलेलं होतं, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या मृत्यूचा प्राथमिक अहवाल. खाली भीमराजचं नाव, गट नंबर, दोन एकर. पुढे रकाने. विषाचा प्रकार, निरंक. कर्ज, निरंक. वसुलीचा तगादा, निरंक. व्यसन, निरंक. घरगुती कलह, निरंक. सगळीकडे निरंक, म्हणजे काही नाही. आणि कारणाच्या रकान्यात पटवाऱ्याच्या अक्षरात, 'जिनात रोलर बसवत असताना हृदयविकार.' हा कागद मंडळाकडून तहसिलीत, तहसिलीतून जिल्ह्यात, सहा टेबलांवरून गेला. सहा जणांनी शिक्के मारले. जिल्ह्याच्या समितीनं वाचून खाली लिहिलं, सबब अपात्र. त्यात समितीची चूक काहीच नव्हती. शेवटच्या पानावर तिचाच वारसाचा अर्ज टाचलेला, आणि त्यावर तांबड्या शाईत, 'पूर्वीच्या निकाली प्रकरणासोबत ठेवणे.'

सहा शिक्के. आणि सहा जणांतल्या एकालाही वाटलं नाही की हृदय बंद पडून मेलेला माणूस ह्या छापील मथळ्याखाली काय करतो आहे.

ती तशीच उठून पळसडोहला आली आणि पटवारी उत्तमसिंग यांच्या खोलीत शिरली. उत्तमसिंग चार गावांचा कारभार पाहणारे, झोळी खांद्यावरून न उतरवणारे गृहस्थ. तिनं कागद समोर धरला.

"हे कोनाचं अक्षर हाये, साहेब?"

उत्तमसिंगांनी पाहिलं आणि बराच वेळ झोळीचा बंद ओढत राहिले. "माह्यंच हाये, ताई."

"माह्या मानसानं आत्महत्या केली?"

"नाही ना. मी लिहिलं तं हाये हृदयविकार म्हनून." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे पाह्य. खातेदार मेला का चोवीस तासात कळवा, असा हुकूम. अन वर्षभर माह्या झोळीत ह्याच फॉर्मचे गठ्ठे. दुसरा छापून आलाच नाही. मी म्हटलं, हेडिंग खोडतो अन पाठोतो. त्या दिवशी आनखी दोन गावातून बोलावनं आलतं. खोडाचं राह्यलं."

"एक रेघ."

"हो. एक रेघ."

प्रभावतीला वाटलं होतं, हा माणूस पैसे खाऊन बसला असेल, जात काढील, अंगावर येईल. त्या सगळ्याची तयारी करून ती आली होती. समोर एक थकलेला माणूस निघाला, आणि राग ठेवायला जागाच उरली नाही. तो राग तिला घरी परत न्यावा लागला, जड पिशवीसारखा.

"आता खोडा मंग," ती म्हणाली.

"आता नाही खोडता येत. त्याच्यावर जिल्ह्याची सही हाये. पन तू नवा अर्ज दे. मी आजच सहा-क ले घेतो, पोच देतो."

आज म्हणता म्हणता उत्तमसिंगांची बदली झाली, दप्तर दुसऱ्याकडे गेलं, दुसऱ्यानं 'पूर्वीचं प्रकरण' पाहून पुन्हा अपात्र म्हटलं, जमीरभाईंनी तीन स्मरणपत्रं ठोकली, आणि वर्षभरानं उत्तमसिंग स्वतःच परत बदलून आले तेव्हा नोंद पडली. त्यात आणखी एक हंगाम इंजनच्या हिसक्यांत गेला. मारेगावहून सात रोलर परत आले. भागरथाबाई रोज संध्याकाळी विचारत, "लागलं का माह्यं नाव? एक डाव लागू दे, मंग मी मोकळी."

मे २००८ मध्ये फेरफाराची नोटीस चावडीवर चिकटली. पंधरा दिवस. प्रभावती रोज जाऊन पाहून यायची, कागद उडाला तर नाही, बकरीनं खाल्ला तर नाही. अकराव्या दिवशी दुपारी भागरथाबाईंनी पाणी मागितलं आणि पाण्याचा गिलास यायच्या आत त्या गेल्या.

चार दिवस राहिले होते.

सासूला माती देऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी प्रभावती पटवाऱ्याकडे गेली तेव्हा तिला उत्तर ठाऊक होतं, तरी ऐकायचं होतं. उत्तमसिंग खाली पाहत म्हणाले, "मंडळ अधिकारी सही नाही करत. मेलेल्या बाईचं नाव कसं लावाचं? आता बुढीचे वारस काढा लागन. तिच्या हिश्श्यात आता नातीसंगं तिची लेकही येते. ममता."

ममता म्हणजे भीमराजची बहीण, मारेगावला दिलेली, तिथल्या एका जिनात कापूस निवडायला जाणारी. भावाच्या जमिनीत आधी तिचा कागदोपत्री काही संबंध नव्हता. कचेरीनं दीड-पावणेदोन वर्षं लावली आणि एक वारस पैदा केला.

"सोपं हाये," उत्तमसिंग म्हणाले. "ममताकडून हक्कसोड लिहून घे. एक साडी-चोळी कर. इथी सगळेच तसं करते. आठ दिवसात तुम्ही मायलेकी सातबाऱ्यावर."

प्रभावतीनं साडी घेतली. खोटं कशाला सांगायचं, आनंदानं घेतली. आठ दिवस हा शब्दच तिला गोड लागला होता. ममता हजेरी बुडवून आली. जमीरभाईंनी हक्कसोडीचा मसुदा टाइप करून ठेवलेला. ममता पेन मागत होती आणि प्रभावती सवयीनं कागद वाचत होती. आता ती कुठलाही कागद वाचल्याशिवाय सोडत नसे, किराण्याच्या पुडीचासुद्धा. '...आईकडून आलेला माझा हक्क मी स्वखुशीने सोडून देत आहे. सदर जमिनीत माझा हिस्सा निरंक समजावा.'

ती तिथंच थांबली. पुन्हा वाचलं.

"जमीरभाऊ, हा निरंक तुम्ही टाकला का?"

"कचेरीची भाषा हाये, ताई. सगळ्याच हक्कसोडीत असते."

"माह्या मानसाच्या कागदावर पाच होते हे."

"वयनी, द्या ना इकडं," ममता वैतागली. "चार वाजताची बस हाये माह्यी."

प्रभावतीनं कागदाची घडी घातली. "कोरं पान हाये का? शपथपत्र लिहा. वारस तीन. प्रभावती, आम्रपाली अन ममता."

जमीरभाई टाइपरायटरवरचे हात उचलून बसले. "ताई, कागद वाढन. मीटरले ममताबाईचं संमतीपत्र लागन. दर वेळी हिची सही लागन. उद्या जावई काही मागीन."

"मागीन तं भांडीन. तोंड हाये मले. पन वारस असून नाव नाही लागत, ते कसं असते मी पाह्यलं. ते मी नाही करत."

"मले कायले गुतोता, वयनी?" ममता आता खरंच चिडली. "मले जमीन नोको, काही नोको. दर सहीले रजा कोन देते मले? मुकादम तुमचा भाऊ हाये का?"

"नोको असन तं नोको. नाव तं लागू दे. तुह्या मायचं हाये ते, माह्यं नाही."

नवीन शपथपत्रावर ममतानं सही केली, आणि पिशवीतल्या साडीकडे पाहून विचारलं, "मंग हे साडी?"

"ते नेसजो. ते काय कागदाच्या बदल्यात होती का?"

पाच मिनिटांपूर्वीपर्यंत बदल्यातच होती, हे तिघांनाही माहीत होतं. जमीरभाईंनी चष्मा पुसायला घेतला.

मग पुन्हा सहा-क, पुन्हा नोटीस, पुन्हा पंधरा दिवस. या वेळी कुणी मेलं नाही. ऑगस्टात सातबारा हातात आला. तीन नावं, एकाखाली एक. त्याच दिवशी ती तहसिलीत बाबूकडे गेली आणि म्हणाली, "त्या रजिस्टरातला अपात्र खोडा आता."

"काहून खोडू? ते बरोबर हाये," बाबू म्हणाला. "विष नाही, कर्ज नाही. अपात्रच होता तो."

प्रभावतीनं थोडा विचार केला. दोन वर्षांत पहिल्यांदा या माणसानं काही खरं सांगितलं होतं.

"राहू द्या मंग," ती म्हणाली.

ममताचं संमतीपत्र गेलं, त्यावर तिची आणखी एक हजेरी गेली, आणि सप्टेंबरात लाइनमन आला. बारा वाजता तार जोडून खाली उतरला. शेडसमोर माणसं जमली होती. ममता तीच साडी नेसून आली होती. मारेगावचा एक रोलर प्रभावतीनं सकाळपासून लेथवर चढवून ठेवला होता. तिनं स्विच दाबला.

काही झालं नाही. तिनं पुन्हा दाबला.

"आता कोनता कागद राह्यला, वयनी?" ममतानं विचारलं.

"लोडशेडिंग हाये," लाइनमन हात पुसत म्हणाला. "चार वाजता येईन."

माणसं पांगली. प्रभावती खाली बसून चकत्या ओवू लागली, ममताही समोर बसली. कापूस निवडणाऱ्या बोटांना ते काम लवकर जमलं. चार वाजून वीस मिनिटांनी लेथवरचा बल्ब पेटला. प्रभावती उठली, स्विच दाबला, लेथ फिरली. हिसका नाही, धूर नाही.

पहिली खाच वाकडी गेली. सहा वर्षं तिचा हात इंजनच्या हिसक्याला सावरून घ्यायला शिकला होता, आणि आता सावरायला काही नव्हतं. तिनं तेवढा थर तासून काढला आणि खाचेचं हत्यार पुन्हा धरलं.